पान अकरावरची म्हैस

सुमंत दाणी यांचं आयुष्यात एकच पुस्तक छापून आलं होतं, आणि त्या पुस्तकावर एखादं मूल हसताना त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. पुस्तक मुलांचं होतं आणि विनोदी होतं. निदान मागच्या कव्हरावर तसं छापलेलं होतं. गोमती नावाची एक म्हैस नागपुरात सीताबर्डीला मेट्रोत बसायला निघते, एवढीच गोष्ट. तीन वर्षांत दोन आवृत्त्या संपल्या, म्हणजे कोणीतरी ते विकत घेत होतं. पण घेणारी सगळी मोठी माणसं. कोणी भाचीच्या मुलीला वाढदिवसाला द्यायला घेतलं, कोणी शाळेच्या कपाटात लावायला, कोणी शेजाऱ्यानं लिहिलंय, आता न घेऊन सांगतो कोणाला, म्हणून. रस्त्यात भेटले की हे लोक म्हणायचे, "वा दाणीसाहेब, छान उपक्रम." पुस्तकाला कोणी उपक्रम म्हटलं की सुमंतराव घाईनं निरोप घ्यायचे.

तसं पाहिलं तर सगळं पुस्तक त्यांनी पान अकरासाठीच लिहिलं होतं. त्या पानावर गोमती मेट्रोच्या तपासणीपाशी पोचते. सुरक्षारक्षक तिच्या अंगावरून यंत्र फिरवतो आणि पोटापाशी यंत्र वाजतं.

"पोटात काय आहे?" रक्षक विचारतो.

"गवत," गोमती सांगते.

"गवत आत नेता येणार नाही. बाहेर काढा."

गोमती शहाणी म्हैस होती. ती जराशी मागे वळली आणि तिनं बाहेर काढलं.

हे लिहिलं त्या दुपारी सुमंतराव एकटेच इतके हसले होते की त्यांची बायको अरुंधती, कोण आलंय ते बघायला बाहेर आली. कोणी आलेलं नाही असं पाहून ती परत आत गेली. पुस्तकाला मिळालेला पहिला प्रतिसाद तो, आणि तो लेखकाचाच होता.

पुढे शाळांनी बोलवायला सुरुवात केली. "लेखक आपल्या भेटीला" असं काहीतरी त्याला नाव असतं. सुमंतराव सहा शाळांत जाऊन आले. एका शाळेत माईक बंद पडला तो पडलाच. दुसरीत लहान मुलं गडबड करतात म्हणून त्यांच्यासमोर नववीचा वर्ग आणून बसवला होता. त्या पोरांनी म्हशीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती सुमंतराव विसरू शकले नव्हते. बाकीच्या ठिकाणी भाषणांतच वेळ संपला. सहा शाळा, सहा शाली, सहा नारळ, आणि हसणं शून्य.

आता प्रकाशकाचा फोन आला होता. दुसरं पुस्तक तयार असेल तर सोमवारपर्यंत कळवा, म्हणाले. पुस्तक तयार होतं, टेबलाच्या खणात पडलेलं होतं. पण सुमंतरावांच्या मनानं घेतलं होतं की आपण मुलांचे लेखक आहोत की नाही, हे आधी एकदा कळायला पाहिजे.

"या शुक्रवारी आणखी एका शाळेत जाऊन राहिलो," ते अरुंधतीला म्हणाले. "तिथे एक तरी पोरगं पान अकरावर हसलं, तर दुसरं पुस्तक देतो. नाही हसलं तर खण बंद. कायमचा."

"अन् पोरगं तिसऱ्याच कशावर हसलं तर?" अरुंधतीनं भाजी निवडता निवडता विचारलं.

"ते मला कळतं."

हे मात्र खरं होतं. सुमंतरावांनी एकतीस वर्षं वीज खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम केलं होतं. फोनवरचा माणूस खरोखर अंधारात बसलाय की नुसताच ओरडतोय, हे त्यांना पहिल्या दोन वाक्यांत ओळखू यायचं. हसणंही तसंच ओळखू येईल, अशी त्यांची खात्री होती. शुक्रवारी सकाळी अरुंधतीनं त्यांचा चांगला शर्ट इस्त्री करून ठेवला.

शाळा उमरेड रोडवरची, मराठी माध्यमाची, चौथीपर्यंतची. चौथीच्या वर्गशिक्षिका वंदना मॅडम यांनीच त्यांना फोन केला होता. "सर, मुलांनी तुमच्या पुस्तकाची जोरदार तयारी केलेली आहे," त्या म्हणाल्या होत्या. सहा शाळा पाहिलेल्या माणसानं तयारी हा शब्द ऐकूनच सावध व्हायला हवं होतं. पण माणसाला आशा सुटत नाही. सुमंतरावांनी ऑटोत बसल्या बसल्या पान अकरा दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

सभागृह म्हणजे दोन वर्गांमधली लाकडी फळी काढून केलेली लांबट खोली. त्रेचाळीस मुलं सतरंजीवर रांगा धरून बसली होती. रांगा इतक्या सरळ की कोणी दोरी धरून बसवलं असावं. मला मुलांच्यात खाली बसू द्या, असं सुमंतरावांनी फोनवर सांगितलं होतं. त्यांच्यासाठी व्यासपीठावर हातांची खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर नवाकोरा टर्किश टॉवेल अंथरला होता. टॉवेल अंथरलेल्या खुर्चीला नाही म्हणता येत नाही. सुमंतराव बसले.

स्वागतगीत झालं. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले आणि पुन्हा चालू करायचे राहून गेले. मग मुख्याध्यापक नत्थूजींनी पाहुण्यांना शाल पांघरली. फेब्रुवारीतलं नागपूर, पंखा बंद आणि अंगावर शाल. नंतर कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक त्यांना भेट देण्यात आलं. मुलांच्या आग्रहाखातर ते त्यांनी तिथेच उघडलं. ते त्यांचंच पुस्तक होतं. सुमंतरावांनी आभार मानले.

नत्थूजी पंचेचाळीस मिनिटं बोलले. वाचनानं माणूस कसा घडतो, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणावरून सांगितलं. "मी हे पुस्तक वाचलेलं नाही," ते शेवटी म्हणाले, "पण हातात घेतल्याबरोबरच ते चांगलं आहे, हे माझ्या लक्षात आलं." टाळ्या झाल्या. एकदोन, एकदोनतीन, अशा मोजून.

मग वंदना मॅडम उठल्या. चाळिशीच्या, कडक कांजीची सुती साडी, हातात छोटी डायरी. आठ दिवसांची मेहनत आता दाखवायची होती आणि त्यांचा चेहरा स्वतःचाच निकाल लागणार असल्यासारखा झाला होता. त्यांनी डायरी उघडली.

"म्हशीचे नाव काय होते?"

"म्हशीचे नाव गोमती असे होते," त्रेचाळीस मुलांनी एका सुरात सांगितलं.

"कोण कोणास म्हणाले? 'बाहेर काढा.'"

"असे सुरक्षारक्षक गोमती म्हशीस म्हणाला."

"मग गोमतीने काय केले?"

"गोमतीने सुरक्षारक्षकाच्या आज्ञेचे पालन केले."

सुमंतरावांनी खुर्चीचा टॉवेल मुठीत धरला.

"या गोष्टीतून आपल्याला कोणता बोध मिळतो?"

"सार्वजनिक ठिकाणी आपण स्वच्छता राखली पाहिजे."

"बरोबर आहे ना सर?" मॅडमनी वळून विचारलं.

सुमंतराव काय म्हणणार? गोष्टीत बोध आहे, हे त्यांनाच आत्ता कळत होतं. ते म्हणाले, बरोबर आहे. आणि मग, सहसा कोणाकडे काही न मागणारा हा माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी एक पान वाचून दाखवू का मुलांना? एकच."

नत्थूजींनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं आहेत, म्हणाले.

"हाताची घडी, तोंडावर बोट!" वंदना मॅडम म्हणाल्या. त्रेचाळीस बोटं त्रेचाळीस तोंडांवर गेली.

सुमंतरावांनी वाचलं, आणि असं वाचलं की नाटकवाल्यानं मान डोलवावी. रक्षकाचा आवाज जाड काढला, म्हशीचा बारीक काढला. "बाहेर काढा" झाल्यावर ते थांबले, जितकं थांबायला पाहिजे तितकंच. मग शालीसकट स्वतः जरासे मागे वळले आणि खांद्यावरून मुलांकडे बघत म्हणाले, "आणि तिनं बाहेर काढलं."

खोलीत आवाज नव्हता. मुलं बोटांच्या मागून त्यांच्याकडे पाहत होती. मागच्या रांगेत कोणाला तरी खोकला आला, तोही त्यानं गिळला. मग मॅडमनी खूण केली आणि एकदोन, एकदोनतीन टाळ्या वाजल्या.

आभार कोणी मानले, ते सुमंतरावांना नीट कळलं नाही. थोड्या वेळानं ते नत्थूजींच्या ऑफिसात बसलेले होते आणि पुढ्यात आलुपोह्यांची बशी होती. नत्थूजी फोन आला म्हणून बाहेर गेले होते. सुमंतरावांना वाईट वाटत होतं. एकसष्टाव्या वर्षी माणसाला आपण कशात कच्चे आहोत हे साधारण माहीत असतं, पण ते त्रेचाळीस साक्षीदारांसमोर सिद्ध व्हावं, हे फार झालं. त्यांनी सोमवारी प्रकाशकाला सांगायचं वाक्यही मनात तयार केलं. सध्या काही नाही, प्रकृतीही बरी नसते, असं सांगून मोकळं व्हायचं. प्रकृती चांगली होती, पण तेवढं खोटं चालतं.

वंदना मॅडम चहा घेऊन आल्या. कप ठेवला तरी त्या जाईनात.

"सर, मुलांचं काही चुकलं का?"

"छे, छे. सगळं पाठ होतं."

"तुमचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारलं."

सुमंतराव सहसा मनातलं बोलत नसत. पण प्रकाशकाचं वाक्य तयार झाल्यामुळे आता गमवायला काही उरलं नव्हतं. "कोणी हसलं नाही," ते म्हणाले.

मॅडमचा चेहरा एकदम खुलला. "त्याचीच तर मेहनत होती सर!"

"कशाची?"

"न हासण्याची." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. उत्साह आला की मॅडमची शाळेची भाषा बाजूला पडून घरची सुरू व्हायची. "काय सांगू तुमाले. पहिल्या दिवशी वाचून दाखवलं, तर वर्गाचा नुसता बाजार झाला. पान अकरा आलं अन् पोट्टे हासून हासून बाकाखाली. दोघं तर खरंच पडले. एकाच्या कोपराले खरचटलं. एक पायल नावाची पोट्टी आहे, तिले उचकी लागली ते डबा खाईपर्यंत राहिली. बाजूच्या वर्गातून मॅडम धावत आल्या, काय झालं म्हणून. तेव्हाच मले धसका बसला. म्हटलं, एवढा मोठा माणूस येऊन राहिला, अन् हे पोट्टे त्याच्या तोंडावर असे खिदळले तर काय वाटंन त्याले? म्हणतील, मास्तरणीनं काहीच शिकवलं नाही."

"मग?"

"मग रोज तेच पान घेतलं. नियम केला, जो हासला तो उभा. पहिल्या दिवशी बसायला कोणीच नव्हतं. चौथ्या दिवशी पाच उभे. सहाव्या दिवशी एकटी पायल. कालपासून सगळे बसून आहेत." त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. "सोपं नव्हतं सर. ते पान लय वाईट आहे. मलाच आवरत नव्हतं."

सुमंतरावांच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यांना एकाच वेळी इतका आनंद झाला आणि या बाईंचा इतका राग आला की दोन्हींपैकी आधी काय बोलावं, हे ठरेना. दोन पोरं खाली पडली होती. कोपराला खरचटलं होतं! आठ दिवसांपूर्वी या शाळेत ते सगळं घडून गेलं होतं, आणि त्या दिवशी सुमंतराव घरी बसून पेपर वाचत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मी फक्त ते बघायला आलो होतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सहा शाळा, नववीचा वर्ग, टेबलाचा खण, सोमवार. वंदना मॅडमचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"अरे देवा. मग सर, आधी काहून नाही सांगितलं? मी हासणं बसवून घेतलं असतं."

"बसवून घ्यायचं नव्हतं मॅडम."

पण मॅडम उठल्या होत्या. आपल्या हातून पाहुण्यांचं नुकसान झालं, हे कळल्यावर स्वस्थ बसणाऱ्या बाई त्या नव्हत्या. चहा तसाच टाकून त्यांनी सुमंतरावांना वर्गाकडे चालवलं.

चौथीची मुलं आता आपल्या बाकांवर होती. पाहुणे परत आलेले पाहून ती उठली, नमस्ते म्हणाली, बसली, आणि कोणी न सांगता बोटं तोंडावर गेली.

"मुलांनो, बोटं काढा," मॅडम म्हणाल्या. "सरांना तुमचं हसणं ऐकायचं आहे. पान अकरा. मी एक, दोन, तीन म्हटलं की सगळ्यांनी हसायचं. मोठ्यानं. एक, दोन, तीन."

"हा, हा, हा," वर्ग म्हणाला, आणि थांबला.

"आणखी."

"हा, हा, हा." मुलींची बाजू या वेळी जरा मोठ्यानं म्हणाली, कारण तिकडे दोन्ही बाजूंमध्ये कायमची स्पर्धा होती.

सुमंतरावांनी मान खाली घातली. ऑफिसात निदान पोहे तरी होते. आता इथून लवकर निघावं, ऑटो मिळतो का पाहावा, असं त्यांच्या मनात आलं.

"पायल!" मॅडमचा आवाज चढला. "बाकीचे सगळे हासून राहिले, तू काहून नाही हासत वं?"

तिसऱ्या बाकावर एक किरकोळ मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिनं एकटीनं बोट काढलेलं नव्हतं. उलट दुसरा हातही त्यावर दाबून धरला होता. चेहरा फुगलेला, डोळ्यांत पाणी.

"मी तुझ्याशी बोलून राहिली पायल."

पायलनं हात तोंडापासून एवढासा वेगळा केला. "मॅडम, मले खरंच येऊन राहिलं."

"काय?"

"हासू."

आणि ती आपणहून उभी राहिली. नियम तिला माहीत होता.

वंदना मॅडमनी पायलकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे. परवापर्यंत त्यांनी त्या पोरीला उभं केलं होतं, आणि ती रोज निमूट उभी राहिली होती. मॅडमच्या मनात त्या क्षणी काय आलं कोण जाणे, पण त्या दोन पावलं पुढे आल्या.

"येऊ दे बेटा," त्या म्हणाल्या.

पायल हसली. आधी नुसतं नाकातून आलं, मग कुकरचं झाकण उडावं तसं एकदम सगळं बाहेर आलं. ते हसणं काही दिसायला सुंदर नव्हतं. तोंड वाकडं, नाक वाहतंय, एका हातानं बाक धरलेला. मध्येच श्वास संपायचा, तेव्हा ती घाबरून सुमंतरावांकडे बघायची आणि त्यांना बघून पुन्हा फुटायची. शेजारच्या मुलीनं दहा आकडे कळ काढली आणि तीही हसत सुटली. ती उभी राहिली. मागचे दोघं उभे राहिले. मग रांगच्या रांग. जो तो हसायला लागला की शिस्तीत उभा राहत होता, पोट धरून.

सुमंतराव बघत होते. एकतीस वर्षांचा कान सांगत होता की यात एकही आवाज खोटा नाही. त्यांना इतकं बरं वाटत होतं की आपण पाहुणे आहोत, अंगावर शाल आहे, हे ते विसरले आणि पायलच्या बाकापाशी गेले.

"पायल, मला एक सांग. इतकं हसू नेमकं कशाचं येतं तुला? शेणाचं?"

"नाही सर." तिनं बाहीनं नाक पुसलं. "शेण तर आमच्या घरासमोर रोजच असते."

"मग?"

"तिनं आयकलं ना." पायलला पुन्हा यायला लागलं, तिनं ते कसंबसं दाबलं. "तो म्हणाला काढा, तर तिनं काढलं. काहून काढायचं, कुठी काढायचं, काहीच नाही विचारलं. सांगितलं का करतेच. आमच्यावानी."

सुमंतरावांनी 'तिनं बाहेर काढलं' हे वाक्य तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आपण त्यात काय लिहिलं, ते त्यांना चौथीच्या वर्गात उभ्या उभ्या समजलं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसत नव्हत्या. त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि खडू उचलून पुन्हा ठेवत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. वंदना मॅडम वळल्या तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा सुमंतरावही हसत सुटले. पान अकरा लिहिलं त्या दुपारी एकटेच हसले होते, तसे. पण या वेळी सोबतीला त्रेचाळीस मुलं होती. सोमवारी खणातलं पुस्तक द्यायचं, हे ठरून गेलं होतं, त्याचा विचारसुद्धा करायची गरज उरली नव्हती. हसता हसता ते पायलच्या बाकावर टेकले. पायलनं लगेच त्यांची शाल ओढली.

"सर," ती दबक्या आवाजात म्हणाली, "उभे राहा. हासलं का उभं राहावं लागते."

सुमंतराव उभे राहिले.

गोंधळ ऐकून नत्थूजी तरातरा आले आणि दारात थबकले. समोर सगळा वर्ग उभा होता, वर्गशिक्षिका उभी होती, आणि शाल पांघरलेले प्रमुख पाहुणेसुद्धा उभे होते. एवढा मान नत्थूजींना सव्वीस वर्षांच्या नोकरीत कोणी दिला नव्हता. त्यांनी संकोचून दोन्ही हात वर केले.

"बसा, बसा," ते म्हणाले.

पण कोणालाच बसता येईना.